कवळ्यांच्या दुकानातली मोरपंखी सायकल

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. या कवळ्यांच्या दुकानात शिरल्यावर डाव्या हाताला, आरशाच्या खाली, मोरपंखी रंगाची जी ऐटीत उभी आहे ना, तीच मी. सायकल. कवळ्यांच्या दुकानात सायकलीचं काय काम, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. तोंडात एक दात नसला तरी विचारतो. तुमच्याही चेहऱ्यावर तोच प्रश्न दिसतोय, तेव्हा बसा त्या बाकावर. काका आत मेण गरम करताहेत, तुमचा नंबर यायला अवकाश आहे. तोवर माझी हकीकत ऐका.

आधीच सांगून टाकते, मला थोडी मिजास आहे. का आहे ते कळलं, की तुम्हीच म्हणाल, असायलाच हवी.

मी शर्यतीची सायकल. कारखान्यातून हजारांनी निघतात, त्यांतली नव्हे. माझा सांगाडा एका माणसानं एका खोलीत बसून घडवला. नळ्या पोलादाच्या, टोकांना जाड आणि मधे पातळ. त्यामुळे मजबुती राहते आणि वजन वाढत नाही. नळ्या जिथं एकमेकींना मिळतात, तिथले सांधे त्यानं पितळ वितळवून भरले आणि कानशीनं इतके घासले, की बोट फिरवलं तर कुठं अडू नये. रंगाचं काम त्याच्या आईकडे होतं. म्हातारीचा हात एरवी चहाच्या कपालाही थरथरायचा, पण ब्रश टेकला की शहाण्यासारखा स्थिर व्हायचा. माझ्या अंगावरच्या सोनेरी रेघा तिच्याच.

पुढचं चाक ज्यात अडकतं त्या चिमट्याच्या डाव्या बाजूला बघा. तिथली रेघ मधेच जरा जाड आहे. ती ओढता ओढता म्हातारी मुलाला म्हणाली होती, "अरे, दूध उतू जातंय!" मुलगा दुधाकडे धावला आणि इकडे ब्रश दाबला गेला.

"पुसून परत ओढू का रे?" तिनं विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "ओळखायला बरी पडेल."

तेव्हापासून मी ओळखायला बरी आहे.

माझा पहिला मालक बुटका होता आणि पळायचा मात्र असा, की मित्र त्याला 'भिंगरी' म्हणत. मला त्याच्याच मापानं घडवलेलं, म्हणून माझा सांगाडा लहान. गावाबाहेर डोंगरावर एक तलाव आहे. तिथं जाणारा रस्ता आधी साळसूदपणे चढतो, आणि मग दगडाच्या खाणीपाशी असं एक वळण लागतं, की भल्याभल्यांची भंबेरी उडते. लोक तिथं उतरतात आणि सायकल हातात धरून ढकलत नेतात. भिंगरी कधी उतरला नाही. आम्ही ते वळण घेऊन वर निघायचो, तेव्हा उतरलेली मंडळी कडेला उभी राहून आमच्याकडे बघत. मी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. माझ्यावरून त्या वळणावर आजवर कुणी उतरलेलं नाही. एवढं वाक्य तेवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पुढं भिंगरीला नोकरी लागली, मग पोट सुटलं. माझ्यावर बसला की त्यालाही लाज वाटायची आणि मलाही. शेवटी त्यानं मला घरोघर बिलं वाटणाऱ्या एका माणसाला देऊन टाकलं. हा माणूस ताडमाड उंच. त्याचे गुडघे हँडलला आपटायचे आणि तो शिव्या मला द्यायचा. त्यानं माझं शर्यतीचं वाकडं हँडल काढून सरळ हँडल बसवलं, मागं कॅरिअर ठोकलं, पुढं टोपली लावली. टोपलीत कधी बिलं असत, कधी कोबी. मी तेही केलं. कामाला कधी नाही म्हटलं नाही मी.

मग कुणी शेजारी 'दोन दिवसांसाठी' माझं पुढचं चाक मागून घेऊन गेला. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत. चाक गेलं तसे ब्रेकही गेले, चेन गेली, सीट गेली. उरला सांगाडा. तो गच्चीत आडवा पडला आणि घरातल्या सुनेनं माझ्या नळीला फुलझाडाची कुंडी अडकवली. झाड चांगलं होतं, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्यासारखीनं कुंडी धरावी, हे काही पटण्यासारखं नव्हतं.

तिथून मी भंगारवाल्याकडे गेले. त्यानं मला खिळ्यावर टांगलं आणि माझ्यावर आपल्या चाव्यांचा जुडगा टांगला. हा माणूस फुटक्या बादलीलाही 'अस्सल माल' म्हणायचा. त्यामुळे तो मला अस्सल म्हणाला, तेव्हा कुणीच विश्वास ठेवला नाही.

एका दुपारी दोघं आली. बाई पुढं, पुरुष मागं. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, सरळ पुढं आल्या आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. मी वाजले. पोलाद चांगलं असलं की आवाज स्वच्छ निघतो. माझा अजून तसाच निघतो. जाताना वाजवून बघा.

"अहो, ही बघा," बाई म्हणाल्या.

पुरुषानं चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून एक इवलासा दांडीचा आरसा काढला, आणि दाताच्या मागं बघावं तसं माझ्या सांध्यांखाली बघितलं. तुम्ही ओळखलंच असेल, हेच आपले काका. आणि त्या काकू. सगळं गाव त्यांना काका-काकू म्हणतं, म्हणून मीही म्हणते. वयानं मी त्यांच्याहून फार लहान नाही, पण ते असो.

"काय जोड बसलाय," काका म्हणाले. "हिरडीत दात बसावा तसा. केसभर फट नाही."

"फटीचं राहू द्या. माझ्या उंचीला पुरेल का? मला वाटतं पुरेल. असलीच तर बोटभर कमीजास्त."

"बोटभर!" काकांना ते लागलंच. "अगं, बोटभर म्हणजे काय चेष्टा आहे? कवळी बोटभर चुकली तर नाकात जाईल."

भंगारवाला मधे पडला. "ताई, अस्सल माल आहे."

"अस्सल आहे तर चाव्या कशाला अडकवल्यात?"

"अस्सल आहे म्हणूनच. दुसऱ्या कुणाच्या जिवावर चाव्या सोडू?"

काकू हसल्या आणि मला खांद्यावर घेतलं. किती वर्षांनी मी कुणाच्या खांद्यावरून रस्ता बघत होते! अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय, ते मांस नसलेल्या मला त्या दिवशी कळलं.

आता या दुकानाची रीत सांगते, कारण पुढं जे घडलं ते त्या रीतीवाचून कळायचं नाही. काका कवळ्या करतात. आधी तोंडाचा ठसा घेतात, मग दात मेणात रोवून ती मेणाची कवळी गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवून बघतात. त्याला बोलायला लावतात, हसायला लावतात. कुठं टोचलं, कुठं हललं, तर मेण असल्यामुळे लगेच सुधारता येतं. सगळं जमलं, की मगच गुलाबी मसाल्यात कवळी पक्की करायची. "मेणावर बघितल्याशिवाय पक्कं नाही," हे काका इतक्यांदा म्हणतात, की भिंतीलाही पाठ झालं असेल.

काकू गल्ल्यावर बसतात आणि तयार कवळी गिऱ्हाइकाच्या हातात देतात. देताना त्यांचंही एक ठरलेलं बोलणं असतं. "गार पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात अजिबात टाकायची नाही. मऊ पडते आणि वाकडी होते." तुम्हालाही ऐकवतील थोड्या वेळानं.

तर अशा घरात माझी जुळवाजुळव सुरू झाली. नियम असा, की जुनं मिळत असेल तर नवं घ्यायचं नाही. टायर, चेन, केबली आणि ब्रेकची रबरं तेवढी नवी, बाकी सगळं हुडकून आणलेलं. पैसे कमी होते हे खरं, पण काकूंना त्यात गंमतही वाटत होती. दोन्ही चाकं एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या माळ्यावरून आली. वाकडं हँडल एका शाळेच्या क्रीडाखोलीत कोट अडकवायला वापरत होते. क्रँक आणि पायडलं एका धारवाल्याच्या गाड्यावरची; जन्मभर सुऱ्या-कात्र्यांना धार लावून आल्यामुळे ती जरा तिखट स्वभावाची होती. सीट चामड्याची, काकूंच्या बहिणीकडे अडगळीत पडलेली. गिअर सापडला तो शेजारच्या गल्लीतल्या सायकल मिस्त्रींच्या खोक्यात. या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. चाकाचा आऊट काढणं, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ फिरतं करणं, आणि अडलेले भाग सोडवणं, ही कामं काकू त्यांच्याकडून करून घेत.

इतक्या घरांतून आलेली मंडळी एकत्र नांदायची म्हणजे कुरकुर होणारच. चेन गिअरवर रुसायची, ब्रेक रिमवर किंचाळायचे. पण वळण लावायला मी होते. सांगाडा सरळ असला की बाकीचे आपोआप सरळ वागतात.

काकांनी माझी सगळी ॲल्युमिनियमची अंगं कवळीच्या पॉलिशच्या चाकावर घासून आरशासारखी केली. स्क्रू आणि छर्रे हरवू नयेत म्हणून कवळ्यांच्या डब्यांत ठेवले, आणि व्हायचं तेच झालं. एक आजोबा डबा घेऊन गेले आणि तासाभरात परत आले.

"सूनबाई," ते बोळक्या तोंडानं म्हणाले, "हे चावायचं की गिळायचं?"

डब्यात माझे ब्रेकचे स्क्रू होते. काकू पोट धरधरून हसल्या, आजोबाही हसले, आणि काकांनी मान खाली घालून खरी कवळी शोधून दिली.

चाकाचा आऊट काढताना एकदा मामांनी विचारलं, "वहिनी, एवढा खटाटोप चाललाय तो कशासाठी?"

दर वर्षी तलावापर्यंत जुन्या सायकलींची फेरी निघते. सायकल पंचविशी ओलांडलेली हवी, एवढीच अट. काकूंनी या वर्षी त्यात नाव दिलं होतं.

"त्या खाणीच्या वळणासाठी," काकू म्हणाल्या. त्यांनी चाकाला एक गिरकी दिली. मग म्हणाल्या, "एकोणीस वर्षांची होते मामा. मैत्रिणींबरोबर तलावावर निघाले होते, दादाची सायकल घेऊन. दादा उंच. म्हटलं सीट खाली कर, तर म्हणाला, परत वर कोण करणार? पाय नीट पुरतच नव्हते. वळणावर उतरले. मैत्रिणी पुढं गेल्या. मी सायकल ढकलत खाली आले."

"मग?"

"मग काय. घरी सगळे म्हणाले, हिच्यानं व्हायचं नाही ते आम्हाला ठाऊकच होतं. आणि मला ते खरं वाटलं हो. आजपर्यंत वाटतंय. एकदा त्या वळणावरून न उतरता वर जायचंय. पुढं तलाव दिसला नाही तरी चालेल."

मामांनी आणखी दोन स्पोक ताणले. मी मात्र मनाशी म्हटलं, बाई, तुम्ही योग्य ठिकाणी आलात.

सगळं जुळत आलं आणि सीटच्या दांडीवर घोडं अडलं. माझ्या नळीच्या मापाची जुनी दांडी कुठंच मिळेना. मिळाली ती केसभर बारीक. पेच कितीही आवळा, वर कुणी बसलं की दांडी हळूहळू खाली सरकायची.

"पत्र्याची पट्टी गुंडाळा अन् घाला आत," मामा म्हणाले. "सगळे तेच करतात."

"पट्टी?" काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मामा, फटी भरण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या घरातल्या सायकलीत मी पट्टी घालू?"

फेरीला चारच दिवस उरले होते. काकू ब्रेकची केबल आणायला बाहेर पडल्या आणि काकांच्या अंगात आलं. त्या परत यायच्या आत सायकल तयार करून त्यांना चकित करायचं! त्यांनी पावडर घेतली, त्यात तो नाक झोंबवणारा द्रव घातला आणि कवळीचा गुलाबी मसाला मळला. दांडीला लेप दिला, ती माझ्या नळीत घातली. आता उंची. खरं म्हणजे काकूंना माझ्यावर बसवून माप घ्यायला हवं होतं. पण काकू बाजारात होत्या.

"तिचं माप मला पाठ आहे," काका स्वतःशीच म्हणाले. कुठंतरी वाचलेलं गणित त्यांना आठवलं, उंचीला कशानं तरी गुणलं, फूटपट्टी लावली आणि पेच आवळला. मी काय करणार? चाक टिकटिक वाजवून बघितलं. त्यांना वाटलं, मी खूश आहे.

मसाला घट्ट होताना गरम होतो. माझ्या पोटात ऊब आली, मग ती ओसरली, आणि मग दगड.

काकू आल्या. काका हात मागं बांधून, नव्या नवऱ्यासारखे उभे. "बस," म्हणाले. काकू गल्ल्याचा आधार घेऊन माझ्यावर बसल्या. पायडल खाली गेलं तशी कंबर एका बाजूला कलली आणि पावलाचं नुसतं टोक पायडलाला टेकलं.

"उंच झाली," काकू म्हणाल्या.

"किती?"

"बोटभर."

"बोटभरच ना? करू की खाली," असं म्हणत काकांनी सीटला हात घातला, आणि त्यांचा चेहरा उतरला. दांडी जागची हलेना. कवळीवाल्यानं पक्कं केलं होतं ते.

काकू खाली उतरल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पुन्हा तेच," एवढंच म्हणाल्या. "सायकल दुसऱ्याच्या हिशेबाची, आणि वर बसायचं मी." मग फडकं घेऊन कपाटातले स्वच्छ असलेले डबेच पुसत बसल्या. काका माझ्याशी झटत राहिले. पिळून बघितलं, ठोकून बघितलं, शेवटी मामांना हाक मारली.

मामांनी दांडी हलवून बघितली आणि मान हलवली. "भाऊ, ही आता सांगाड्यात एकजीव झाली. दांडी वरून कापायची आणि आतून करवतीनं पोखरत काढायची. दोन-चार दिवस जातील. आणि करवत नळीला लागली, तर नळी गेली."

नळी गेली म्हणजे मी गेले. कुंडी धरली तेव्हाही मला भीती वाटली नव्हती, ती त्या वेळी वाटली. पण स्वतःपेक्षाही मला काकूंच्या पाठीकडे बघवत नव्हतं. ती पाठ एकोणीस वर्षांच्या मुलीची दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात शुकशुकाट होता. काका आत तोंड लपवून बसले होते. एक बाई तयार कवळी न्यायला आल्या. काकूंनी डबा पुढं केला आणि सवयीनं सुरू झाल्या, "गार पाण्यात ठेवायची. गरम पाण्यात अजिबात टाकायची नाही. मऊ प..."

आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

"मऊ काय?" बाईंनी विचारलं.

"अहो!" काकू आत ओरडल्या. "अहो, किटली ठेवा! पातेलं ठेवा! जे आहे ते ठेवा!"

त्या बाई डबा हातात घेऊन अर्ध्या वाक्यात उभ्याच राहिल्या. पुढचा कार्यक्रम बघितल्याशिवाय त्या गेल्या नाहीत, हेही सांगते.

काकूंनी माझ्या सीटखालच्या नळीला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळली. काका उकळतं पाणी आणत, काकू त्यावर ओतत. एक किटली झाली, दुसरी झाली. काकांनी वरून फटीत तो झोंबणारा द्रव थेंब थेंब सोडला. माझ्या रंगाचं काय होईल, अशी मला धाकधूक होती, पण म्हातारीचा रंग होता तो, हसला नुसता पाण्याला. मामाही येऊन उभे राहिले. काकांनी सीट दोन्ही हातांनी धरली आणि कुलपातली किल्ली फिरवावी तशी फिरवली.

"हलली!" कवळीवाल्या बाईच आधी ओरडल्या.

दांडी गुलाबी लाळ गाळत बाहेर आली. काका मटकन बाकावर बसले. काकूंनी कमरेवर हात ठेवले आणि तेव्हा कुठं त्यांचा राग बाहेर पडला.

"सगळ्या गावाच्या कवळ्या मेणावर लावून बघता, आणि बायकोची सीट एकदम पक्की?"

"चुकलं माझं," काका म्हणाले. "मला वाटलं, एवढ्या वर्षांत मला तुझं माप पाठ झालंय."

"विचारायचं तरी. मी काय लांब राहते?" मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "थांबा, बूट घालून येते. जे बूट घालून जाणार आहे, ते घालूनच बसते. मग घ्या माप."

मग काकांनी त्यांच्या रीतीनं काम केलं. मामांनी माझं मागचं चाक उचलून धरलं, काकू बूट घालून बसल्या, आणि काका जमिनीवर गुडघे टेकून दांडीवर मेणाची खूण करत राहिले. जरा वर, पुसा, जरा खाली, पुसा.

"आता बोल काहीतरी," काका म्हणाले.

"सीटसाठी बोलायचं कशाला?"

"गिऱ्हाइकांना मी बोलायला लावतोच. हस बघू."

काकूंना खरंच हसू आलं. हसताना त्या पायडल मारत राहिल्या आणि कंबर जराही कलली नाही. काकांनी तिथं खूण पक्की केली. मग कवळी धुण्याच्या पावडरीचा रिकामा डबा घेऊन काकूंनी त्याच्या पातळ पत्र्याची पट्टी कापली, ती दांडीभोवती गुंडाळली आणि पेच आवळला. पाना काकांनीच पुढं केला. मामा मिशीत हसले.

नळीच्या आत थोडा गुलाबी थर चिकटून राहिला होता. मामा म्हणाले, "खरवडून काढू का?"

"राहू दे," काकू म्हणाल्या. "ओळखायला बरी पडेल."

मी चमकले. हे शब्द मी फार पूर्वी एका खोलीत ऐकले होते, आणि काकू तेव्हा तिथं नव्हत्या.

फेरीच्या दिवशी मोठमोठ्या घराण्यांतल्या सायकली आल्या होत्या. सगळे भाग एकाच कंपनीचे, एकाच सालचे. त्यांनी माझ्याकडे बघून नाकं मुरडली. धारवाल्याची क्रँक, शाळेचं हँडल, मी त्यांच्यात बसणार कशी? मी म्हटलं, बाईसाहेब, वळणावर भेटू.

रस्ता मला पाठ होता. आधीचा साळसूद चढ काकूंनी दमानं काढला. खाण दिसली तसा त्यांचा श्वास बदलला. वळण आलं. कडेला माणसं उतरून चालत होती, त्या नाकं मुरडणाऱ्याही हातांत धरून चालवल्या जात होत्या. काकूंना गिअर बदलायला क्षणभर उशीर झाला. पायडल जड झालं, मी डुगडुगले. पाण्याच्या बाटल्या वाटणारा एक स्वयंसेवक ओरडला, "काकू, उतरा थोडं! सगळेच उतरतात इथं!"

काकूंचा उजवा पाय पायडलावरून सुटू लागला. मला कळलं, त्या परत त्या जुन्या दिवसात चालल्या होत्या. पण पाय सुटायच्या आधी तो खाली गेला, पूर्ण खाली, आणि तिथं पायडल होतं. पोचला पाय. नीट, सगळ्या तळव्यानं पोचला. काकूंनाही ते कळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. एवढंच बोलण्यापुरता श्वास उरला होता. मग माझ्या खालच्या नळीवरची गिअरची कळ ओढली, चेन एकदा कुरकुरली आणि मुकाट्यानं जागेवर बसली.

आम्ही वेगात गेलो, अशी थाप मी मारणार नाही. चालणारी माणसं आमच्या पुढं जात होती. पण मी लवले नाही, आणि काकू उतरल्या नाहीत. वळण संपलं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते माझ्या हँडलवर पडलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. भिंगरीबरोबर मी ते वळण कितीदा घेतलं असेल, पण खरी जिंकले ती त्या दिवशी. माझं ते वाक्य लक्षात आहे ना? ते अजून खरं आहे.

तलावाच्या बांधावर काका उभे होते. सामानाच्या टेम्पोतून आधीच वर आले होते. एका हातात किटली, दुसऱ्या हातात मेणाची वडी. दांडी पुन्हा अडली तर असावी म्हणून! काकू उतरल्या तसे ते धावत आले. तब्येत विचारली नाही, पाणी विचारलं नाही.

"सीट सरकली का?" त्यांनी विचारलं.

बोटांनी मोजणाऱ्या माझ्या काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केसभरही नाही."

काकांनी किटली खाली ठेवली आणि तिथंच बांधावर बसून लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून मी इथं, दुकानात असते. घरात ठेवायला जागा होती, पण काका म्हणाले, गिऱ्हाइकांना दिसू दे. कुणी घाई केली, "मेणावर कशाला, एकदम पक्कीच करून द्या" असं म्हणालं, की ते माझ्याकडे बोट दाखवतात आणि सगळी कथा सांगतात. स्वतःची फजिती इतक्या अभिमानानं सांगणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मला विकत मागणारेही येतात. काकू त्यांना ऐकूच न आल्यासारखं करतात.

माझ्या अंगावर म्हातारीची जाड रेघ आहे आणि पोटात हिरडीच्या रंगाचं एक कडं आहे. ते बाहेरून दिसत नाही, पण मला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही. तुमच्याकडे माझं मागणं एकच. कुणासाठी काही करणार असाल, आणि ते माणूस कितीही वर्षांचं आपलं असलं, तरी आधी त्याला बसवून बघा. विचारा. माणसं काही लांब राहत नाहीत.

चला, आतून काकांनी तुम्हाला हाक मारली. जा, आणि मेणाची कवळी लावली की मोकळेपणी हसा. लाजलात तर मापात फरक पडतो. मीही निघते. तिकडे बघा, गल्ल्यामागं काकू बूट घालताहेत.